एक्केचाळीस नंबरचं फोल्डर

प्रिय मीरा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ते उघडायचं की नाही, याचा विचार केला असशील. उघडलंस, बरं केलंस. आधी एक सांगतो म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. तुझी आई, आमची शकुमावशी, बरी आहे. गुडघे कुरकुरतात, टेकडीच्या पायऱ्या चढताना दर दहा पायऱ्यांना थांबते, आणि थांबली की समोर येईल त्याला झापते, म्हणजे तब्येत ठणठणीत. परवा मला झापलं, नळाला धार बारीक येते म्हणून. एकोणीस वर्षं चाळ कमिटीचा सेक्रेटरी आहे म्हटल्यावर ऊन जास्त पडलं तरी माझ्याच नावाने बोंब. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. तुझा अकोल्याचा नंबर मावशीच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला. फोनवर मी अर्धंच बोललो असतो आणि उरलेलं गिळलं असतं. माझी ही खोड तुझ्याइतकी कुणाला माहीत नाही.

आपली चाळ पाडून तिथे इमारत होणार, हे मावशीने तुला सांगितलंच असेल. वीस वर्षं नुसतं होणार होणार चाललं होतं, आता खरंच होतंय. ज्याची खोली दोन हजार सालाच्या आधीची असल्याचा पुरावा आहे तो पात्र, त्याला नव्या इमारतीत घर. ज्याचा पुरावा नाही तो अपात्र, त्याने सामान उचलायचं. एवढं सोपं आहे ते. हे पुरावे सगळ्यांचे माझ्याकडे होते. जुनी वीजबिलं, रेशनकार्डं, फोटोपास म्हणजे सरकारने दिलेलं खोलीचं ओळखपत्र. लोकांनी अस्सल कागद आणून कमिटीच्या लोखंडी कपाटात ठेवले, कारण आपल्याकडे घरोघरी पत्र्यातून गळतं. मावशी तर म्हणाली होती, चंदूकडे असलेलं म्हणजे बँकेत असल्यासारखं. २०१७ साली मी बसून सगळे कागद स्कॅन केले आणि एका काळ्या डिस्कवर टाकले. साबणाच्या वडीएवढी ती डिस्क, कॉम्प्युटरला वायरने बाहेरून लावायची. एक्केचाळीस खोल्या, एक्केचाळीस फोल्डर, खोलीचा नंबर तोच फोल्डरचा नंबर. दोन वर्षांनी वरचा नाला फुटला, कमिटीच्या खोलीत कंबरभर पाणी, कपाटातल्या कागदांचा लगदा. लोक रडकुंडीला आले तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, घाबरू नका, सगळं डिस्कवर आहे. फार मिजास होती गं तेव्हा माझी.

तू विचारशील की दुसरी प्रत का नाही काढलीस. सगळे हेच विचारतात. प्रत काढली की ती कुणाच्या तरी हाताला लागते, मीरा. बिल्डरची माणसं तेव्हा प्रत्येक गल्लीत फिरत होती, कुणाचा पुरावा कच्चा आहे ते हुंगत. मोबाइलवर टाकलं तर आज चाळीत, उद्या बिल्डरच्या टेबलावर. म्हणून एकच डिस्क, माझ्या घरच्या पेटीत, पेटीची एकच किल्ली, ती माझ्या करगोट्याला. मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

दिवाळीनंतर नोटीस आली की पुरावे दाखल करा, चोवीस डिसेंबर शेवटची तारीख. मी डिस्क लावली आणि ती उघडेचना. म्हणजे उघडायची, पण फोल्डर दिसायलाच पाच मिनिटं, त्यातला एक कागद उघडायला पंधरा. वरती हिरवी पट्टी सरकायची ती अर्ध्यावर येऊन बसायची. मी वायर बदलली. मग दुसऱ्या खाचेत लावून बघितली, पुढच्या, मागच्या, निळ्या. मग कुणीतरी म्हणालं कॉम्प्युटरच जुना आहे, तर नवा लॅपटॉप मागून आणला. त्यावर तर आणखी हळू. कधी वैतागून वायर खेचून काढली, परत खुपसली. प्रत्येक वेळी पडद्यावर विचारायचं, डिस्कमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करू का. मी म्हणायचो कर बाबा. एकदा ती दुरुस्ती दोन दिवस चालली. मी शेजारी बसून होतो, पेशंटजवळ बसावं तसा. त्यातच सहा डिसेंबर आला. तू आलीस, चैत्यभूमीला जाऊन आलीस, नळावर मला दिसलीस. मी म्हटलं, कधी आलीस. तू म्हणालीस, काल. तेव्हा डिस्क हळू होती पण जिवंत होती. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. बादली भरली आणि मी निघालो.

नळावरून परत येताना मला पार्ल्याचं पोस्ट आठवलं. शहाण्णव सालची गोष्ट, मी तिकडे त्या औषधांच्या गोदामात कामाला होतो. तू बाराव्या पायरीवरून हाक मारलीस तर मला ऐकू यायची इतक्या जवळ राहत होतीस, आणि मी तुला पत्रं पाठवायचो टपालाने. पार्ल्याच्या पेटीत टाकायचो, म्हणजे घाटकोपरच्या आपल्या पोस्टात कुणी ओळखायला नको. एकदा पोस्टमनने एक पत्र एक्केचाळीसऐवजी चौदा नंबरला नेऊन दिलं, आणि त्या खोलीतल्या बाईने ते न उघडता तुला आणून दिलं, तेव्हा आठ दिवस मी त्या खोलीसमोरून गेलो नाही. त्यानंतर मी पाकिटावर खोलीचा नंबर आकड्यातही लिहायला लागलो आणि अक्षरीही. तू हसली होतीस. म्हणाली होतीस, चेक लिहितोस की पत्र. खाली सही मात्र नुसतं ‘तुझाच’. नाव कधी लिहिलं नाही. पत्र कुणाच्या हाती लागलं तर, ही भीती.

असो. डिस्कचं सांगतो. अंधेरीला स्टेशनच्या बाहेर एका इमारतीत तेजल म्हणून एक मुलगी आहे, बिघडलेल्या डिस्कमधला माल काढून देते. बारा डिसेंबरला तिच्याकडे गेलो. जेमतेम तिशीची, पण नजर डॉक्टरसारखी. भिंग लावून तिने वायर लावायच्या खाचेत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, काका, हे कुंकू आहे का. होतं ना. दर खंडेनवमीला मी कमिटीच्या टेबलावर पाट मांडून तिची पूजा करायचो. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि त्याच फुलाने पाण्याचे दोन थेंब. माझा बाप गिरणीत आपल्या साच्याची, म्हणजे मागाची, पूजा करायचा, गिरणी बंद पडली त्या वर्षी त्याने घरी अडकित्त्याची केली, पण चुकवली नाही. मला वाटलं आपलं हत्यार ही डिस्क. सात वर्षं मी त्या भोकात कुंकू भरलं आणि वरून पाणी शिंपडलं, मीरा. आतले पितळेचे दात गंजून गेले होते. गेल्या खंडेनवमीला मावशी नागपूरला निघाली होती, दीक्षाभूमीला, पिशवी घेऊन दारात थांबली आणि म्हणाली, चंदू, मशिनला कुंकू लावून ते पळतं का रे. मी म्हटलं, मावशी, तुझी गाडी सुटेल.

तेजलने खाच साफ केली, थोडा वेग आला. पण ती म्हणाली की नुसतं कुंकवाचं असतं तर वाचली असती. आतल्या चकत्यांनाच मार बसलाय, वायर खेचून आणि ती दुरुस्ती पुन्हा पुन्हा चालवून मीच तो वाढवलाय. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायची तर महिना दीड महिना, तरी खात्री नाही. आपल्याकडे बारा दिवस होते. तेव्हा ती म्हणाली, ही डिस्क मरतेय, काका, किती वेळ आहे सांगता येत नाही, एकेक फोल्डर काढा, आणि सगळ्यात महत्त्वाचं असेल ते पहिलं काढा. मग तिने सरळ विचारलं, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कुठलं. माझ्या तोंडात एक्केचाळीस आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. आणि मी म्हटलं, कमिटीला सगळे सारखेच. तिने खांदे उडवले. तिला काय, तिचं काम तिने केलं.

का आलं होतं तोंडात ते तुला माहीत आहे, पण त्याला दुसरं सरळ कारणही होतं. बाकी घरांकडे आणखी काही ना काही आहे. कुणाचं नाव जुन्या मतदार यादीत, कुणाकडे बँकेचं पासबुक. मावशीचं नाव यादीत आलं २००४ ला, त्याआधी तुझ्या बाबांचं होतं, बाबा गेल्यावर ते काढलं, आणि त्या जुन्या याद्या कुणाला सापडत नाहीत. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर पत्ता नाही, तेही बघून झालं. तिचा पुरावा म्हणजे ते तीन कागद, वीजबिल, रेशनकार्ड, फोटोपास, आणि ते तीन कागद म्हणजे ते एक फोल्डर. हे मला पाठ होतं. तरी मी एक नंबरपासून सुरुवात केली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मी स्वतःला सांगितलं की सेक्रेटरीने नंबरानेच जायचं असतं. एक्केचाळीस पहिलं घेतलं असतं तर लॅपटॉपवर वेळ उमटली असती, कमिटीतल्या कुणीतरी विचारलं असतं की उलटं का, शकुमावशीचंच का. मग कुणीतरी जुनं उकरलं असतं. कोण उकरणार होतं, सांग. ज्यांना माहीत होतं ती सगळी म्हातारी माणसं मरून गेली. पण मी घाबरलो ते त्या मेलेल्यांनाच.

एका खोलीला आधी तास लागायचा, मग दोन, मग सकाळपासून संध्याकाळ. स्कॅन मी रंगीत आणि भले मोठे केलेले, पुरावा स्पष्ट दिसावा म्हणून, त्यांचं वजन आता तिला पेलत नव्हतं. बारा नंबरला माझी स्वतःची खोली आली, तीही ओळीतच घेतली. विसाव्याला आतून टकटक ऐकू यायला लागली. तिसाव्यानंतर पंखा लावला तिच्यावर, गरम होऊ नये म्हणून. बावीस तारखेला दुपारी छत्तीस झालं. सदतीस निम्मं आलं आणि टकटक थांबली. आधी बरं वाटलं मला, आवाज गेला म्हणून. पट्टी हलली नाही. वायर काढली, लावली. दिवा लागला नाही. अंधेरीला रिक्षाने नेली, मांडीवर घेऊन. तेजलने कानाला लावली, हातात तोलली आणि टेबलावर ठेवली. चकत्या खरवडल्या गेल्यात म्हणाली, आता कुणीच काही काढू शकणार नाही. मी विचारलं, एक फोल्डरही नाही? ती म्हणाली, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

सदतीस ते चाळीस, त्या चौघांनी घरात शोधून काहीतरी आणलं. एक्केचाळीसचं काहीच नाही.

तुला यात नवल वाटणार नाही. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तू वरच्या टाकीजवळ उभी होतीस आणि विचारलंस, घरी कधी बोलणार. मी म्हटलं, बघू, बहिणीचं होऊ दे, लोक काय म्हणतील. खरं कारण तुला ठाऊक होतं, मी उच्चारायची गरजच नव्हती. आमच्या खिडकीत एक कप होता, कान तुटलेला. मावशी चहाला थांबली की आई त्यात चहा द्यायची आणि नंतर तो परत खिडकीत जायचा, बाकी कपांत यायचा नाही. लहानपणापासून बघत होतो मी. तू आमच्या दारात आलीस तर तुझ्या हातात तोच कप येणार, आणि मी आईच्या हातातून तो काढून घेणार नाही, हे तुला माझ्याआधी कळलं होतं. त्या पावसाळ्यात तुझं लग्न ठरलं. आई गेली तेव्हा मी तो कप फोडला. मेलेल्या माणसाचा कप फोडायला काय लागतं. आणि त्याच कपातून वर्षानुवर्षं चहा प्यायलेल्या बाईने आपलं अख्खं घर माझ्या कपाटात आणून ठेवलं, मीरा. कागदांचा लगदा झाला तेव्हाही ती मला एक शब्द बोलली नाही. उलट खाली मान घालून बसलो होतो तर म्हणाली, ऊठ, जेवून घे.

कच्ची यादी गेल्या सोमवारी लागली, कमिटीच्या दारावर, मीच चिकटवली. मावशी काठी टेकत खाली आली. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर दिसत नाही. गर्दी होती, सगळे आपापला नंबर शोधत होते. ती म्हणाली, चंदू, माझं वाच. मी बोट ठेवलं. एक्केचाळीस, समोर अपात्र. आणि मी वाचलं, पात्र. कसं निघालं तोंडातून मला माहीत नाही. तिने पदर डोळ्याला लावला, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सगळ्या चाळीला पेढे दिले तिने. लोकांनी घेतले. वाचता येणाऱ्या लोकांनी, यादी वाचलेल्या लोकांनी, माझ्याकडे बघत पेढे खाल्ले आणि एकानेही तिला सांगितलं नाही. आमच्या घरीही चार आणून दिले. ते अजून फ्रीजमध्ये आहेत, कुणी हात लावलेला नाही.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी नीलाला सगळं सांगितलं. माझी बायको. तुमची नळावर ओळख आहे. डिस्कचं तिला माहीत होतं, तुझं नव्हतं. पार्ल्याची पत्रं, टाकी, कप, सगळं सांगितलं. ती कुकरचं झाकण हातात घेऊन ऐकत राहिली. मग म्हणाली, इतकी वर्षं मला वाटायचं तुमचा स्वभावच थंड आहे. एवढंच. त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. चूक तिची नाही.

आता लिहिण्याचं कारण. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, त्यातले सहा गेले. परवा सुनावणीच्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, दोन हजारच्या आधीची तारीख, सरकारी शिक्का आणि खोलीचा नंबर, तिन्ही एका कागदावर असलेलं काहीही आणा. मी विचारलं, पोस्टाचा शिक्का चालेल का. त्यांनी मान वर केली. असं कधी बघितलं नाही म्हणाले, आणा, बघू, चालेलच असं नाही. बहुतेक नाहीच चालणार. तरी विचारतो. मी तुला सतरा पत्रं पाठवली. सतरा पाकिटं, पार्ल्याचा शिक्का, सन शहाण्णव-सत्त्याण्णव, वर तुमच्या घरचा पत्ता आणि खोली नंबर आकडी आणि अक्षरी. पत्र कुणी लिहिलं ते विचारतील, तर मी उभा राहून सांगेन, चाळीसमोर, नीलासमोर, प्रतिज्ञापत्रावर. आतली पत्रंही वाचू देत. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी मीच लिहायचो, वाचून झालं की जाळून टाक. आणि टाकीजवळ त्या दिवशी मी पत्रांचं विचारलं होतं तेव्हा तू म्हणालीस, चुलीत घातली. रागाने म्हणालीस की खरंच, ते मी तेव्हा विचारलं नाही. तू शब्दाची पक्की होतीस, म्हणून मला फारशी आशा नाही. माझं सगळं ऐकलंस तू आयुष्यात, न बोललेलंही, सोडून जा म्हटलं नव्हतं तरी गेलीस. तेवढं एक ऐकलं नसशील, तर मावशीचं घर आहे. नाहीतर येऊन तिला तू सांग, पात्र नाही म्हणून. माझ्याच्याने होणार नाही.

शेवट त्या पत्रांसारखाच करतो, अक्षर पडताळायला लागेल. फक्त यावेळी खाली नाव आहे.

तुझाच,
चंद्रप्रकाश धोंडिराम घाडीगावकर
खोली क्रमांक १२ (बारा)